नऊ इंच पाणी

राहुरीकडच्या त्या रानात बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरचा हा पहिलाच गहू. ओंब्या भरायला आल्या होत्या आणि लंकाबाईची पाण्याची पाळी दुपारी बाराला संपत होती. पुढची पाळी तीन आठवड्यांनी. तोवर ओंबीत नुसता भुसा उरला असता. उन्हं वर आली तरी पाणी निम्म्या रानात पोचलं नव्हतं. ती तरातरा चारीच्या तोंडाशी गेली.

"बन्स्या, माझं पानी कुनाच्या घशात घातलं?"

पाणी सोडणाऱ्या पाटकरी बन्सीनं, पाणी मोजायला चारीत बांधलेल्या सिमेंटच्या अरुंद गळ्याच्या वरच्या अंगाची मोजपट्टी दाखवली. "बघा मावशी, नऊ इंच. तुमचा हक्क नऊचाच. पट्टी खोटं बोलती व्हय?"

"पट्टीला काय कळतंय? पान्याकडं बघ."

एरवी या गळ्यात पाणी पातळ होऊन सुसाट सुटायचं आणि खाली गेलं की फेसाळून उसळी घ्यायचं. आज वरपासून खालपर्यंत सपाट, डुंबलेल्या म्हशीगत सुस्त. लंकाबाईनं गळ्यात काटकी धरली. काटकीपासून उठलेल्या बारक्या लाटा हळूहळू उलट्या, वर चढू लागल्या.

"पानी जोरात असतं तर या लाटांची वर चढायची छाती हुती का? वाहून गेल्या असत्या. खालनं कुनीतरी पानी तुंबवलंय. म्हून पट्टी फुगली, अन् तू चारीचं दार दाबून बसलास."

बन्सीनं डोकं खाजवलं. "सकाळी तेरा दावत हुती खरी. म्हून दार खाली घेतलं."

"चल. त्या मेल्याचे हातच मोडते."

खाली दीडशे पावलांवर चारीत आडवे दगड, वर चिखल लिंपलेला. लंकाबाई थबकली. उंचवट्यावरच्या हरभऱ्याला पाणी चढावं म्हणून कालच तिनं सुनेकडून, बायडाकडून, हा बांध घालून घेतला होता. पाणी उंच चढलं म्हणजे जास्त आलं, अशी तिची समजूत. तुंब पार गळ्यापर्यंत जाईल हे ध्यानीमनीही नव्हतं.

"कुनाचं म्हनायचं हे, मावशी?"

भावकीवर ढकलता आलं असतं. पण मग चौकशी, पंचनामा. त्यातच दुपार झाली असती.

"माझंच," ती म्हणाली. "तोंड काय बघतो? दगड धर."

लुगडं खोचून ती पाण्यात उतरली. दगड निघाले तशी पट्टी सहावर आली. बन्सीनं पळत जाऊन दार उचललं, पट्टी नऊला टेकेपर्यंत.

अकरा वाजून गेल्यावर पाणी गव्हाच्या शेवटच्या वाफ्यात शिरलं. बायडा विचारायला आली, "आत्याबाई, अन् हरभऱ्याचं?"

"उपटून शेरडांस्नी टाक. अन् गावात कुनी इचारलं तर सांग, सासू चुकली. बन्स्यानं सांगायच्या आत सांग."