डबल प्रमोशन

नंदकुमार टिल्लू हे आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर देणारे गृहस्थ. गॅसकंपनीची जाहिरात आली तरी ‘आपल्या पत्राबद्दल आभारी आहे, आमचा बॉयलर तूर्त ठीक आहे’ असं कळवायचे. अशा माणसाने जुलैत आलेलं एक पत्र मात्र तसंच ठेवलं होतं, आणि त्याची आठवण झाली की त्यांच्या घशात पापड अडकल्यासारखं व्हायचं. पत्र युनिव्हर्सिटीचं होतं. कॉलेजातला तुमचा अभ्यास आम्ही पहिल्या वर्षाच्या जागी धरतो. इतिहासाच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात या. येणार की नाही ते ऑगस्टअखेर कळवा.

हो किंवा नाही, एवढाच प्रश्न. पण नंदूकाकांनी नकाराचे मसुदे सुरू केले. वय एकोणसत्तर. इंग्रजी पुस्तकी. शिवाय आपण जाऊन बसलो तर एखाद्या तरुणाची जागा जाईल. हा शेवटचा मुद्दा त्यांना फार आवडायचा, कारण त्यात भित्रेपणा त्यागासारखा दिसायचा.

“अहो, कितव्या पानावर आलात?” लीलावतीबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या. “हो की नाही विचारलंय त्यांनी. तुम्ही मृत्युपत्र करायला बसलाय.”

“विचार करायला नको का?”

“सगळी नोकरी कौन्सिलमध्ये लोकांच्या कचऱ्याच्या बिन कुठल्या वारी उचलायच्या, याचा विचार करण्यात गेली. आता जरा स्वतःचा करायचा तर दीड महिना?”

इथलं, विलायतेतलं कॉलेज म्हणजे आपल्याकडचं कॉलेज नव्हे. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत ज्यांचं गाडं रुतलं, ज्यांची नोकरी सुटली, ज्यांना शहाणपण उशिरा सुचलं, ती सगळी माणसं जिथे नव्याने सुरुवात करतात, ते कॉलेज. लेस्टरच्या स्नेहवर्धिनी मंडळात हा शब्द मूळव्याधीसारखा उच्चारत: हळू आवाजात, आणि दुसऱ्याच्या घरचा असला तर चवीने. नंदूकाका निवृत्त झाल्यावर तिथे संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागले, तेव्हा मंडळाने ते हसून घेतलं. म्हाताऱ्याला विरंगुळा. कुणी बागेत वांगी लावतो, कुणी कॉलेजात जातो.

डॉ. मालविका चित्रेंच्या दियाची गोष्ट वेगळी. तिची परीक्षा बिघडली होती, आणि आईबाप दोघेही हॉस्पिटलात कन्सल्टंट. तेव्हा मंडळाला कळवण्यात आलं की दिया गॅप इयर घेते आहे, म्हणजे शिक्षणातून वर्षभर सुट्टी काढून जग बघते आहे. दोन वर्षं चाललेल्या या गॅप इयरमध्ये दिया कधी पेरूत होती, कधी व्हिएतनाममध्ये हत्तींना आंघोळ घालत होती. प्रत्यक्षात ती नंदूकाकांच्या शेजारच्या बाकावर बसून त्यांच्या खिशातला आलेपाक संपवत होती. ती त्यांना ‘नंदूआजोबा’ म्हणे. ते ऐकून सगळा वर्ग ‘आजोबा’ म्हणू लागला, आणि शिकवणारी बाई तर सरळ ‘मिस्टर आजोबा’.

ऑगस्टात शाळांचे निकाल लागले आणि मंडळाचे अध्यक्ष संजय वर्तक घरी आले. लीलावतीबाईंनी कुणाला तरी फोनवर सांगितलं होतं.

“काका, डायरेक्ट सेकंड इयर? म्हणजे डबल प्रमोशन!”

“नाही, त्याचं असं आहे की—”

“माझ्या मामाला नागपूरला चौथीतून एकदम सहावीत घातलं होतं. पुढे कलेक्टर झाला. येत्या रविवारच्या गुणगौरवात तुमचं नाव फिक्स.”

“अहो, पण मी अजून हो कुठे म्हटलंय?”

“हाच तो विनय!” असं म्हणून संजयने चिवड्याची बशी रिकामी केली.

नाही म्हणण्याचं धैर्य नंदूकाकांकडे असतं, तर युनिव्हर्सिटीला उत्तर केव्हाच गेलं असतं. त्यामुळे त्या रविवारी दुपारी शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये ते गुणवंत पाल्यांच्या रांगेत उभे होते. पुढे आठ पोरं, शेवटी हे. प्रत्येक पाल्याने पालकांसह मंचावर यावं, अशी सूचना होती; तेव्हा लीलावतीबाई उठल्या आणि पालक म्हणून वर गेल्या. नारळही त्यांनीच घेतला.

“यांची बुद्धिमत्ता बघून,” संजय माइकवर ओरडला, “युनिव्हर्सिटीने सांगितलं, तुम्हाला फर्स्ट इयरची गरजच नाही!”

नंदूकाकांनी माइक हातात घेतला. “तसं नाहीये. पहिलं वर्ष मी कॉलेजात केलं. ते धरून मला दुसऱ्यात घेतात. कुणालाही घेतात. मन लावून अभ्यास केला की झालं.”

मग पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “बघा, काय साधेपणा!” आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. खरं बोलूनही कुणी ऐकलं नाही, असा अनुभव नंदूकाकांना घरी होता. जाहीर सभेत पहिलाच.

टाळ्या थांबायच्या आत डॉ. मालविका उठल्या. “आमची दियासुद्धा! तीही डायरेक्ट सेकंड इयरला!”

“पेरूहून?” मागून आवाज आला.

“पेरूहून आल्यावर,” मालविकाबाई पापणी न लवता म्हणाल्या. दोन वर्षं जे झाकून ठेवलं होतं, ते आता त्यांनी नऊवारी नेसवून मिरवायला काढलं. संजयने राखीव नारळांतला एक तत्परतेने दियाच्या हातात ठेवला. दियाने तो असा धरला, की आता कुणाच्या डोक्यात घालावा.

खरा भडका चहाच्या टेबलाशी उडाला. यतीन सबनीस हे मुंबईहून फायनान्सच्या नोकरीवर आलेले. त्यांच्या अंशुमनला तीन विषयांत ए-स्टार, आणि त्याच युनिव्हर्सिटीत, त्याच इतिहासाला प्रवेश. पण पहिल्या वर्षाला.

“तीन ए-स्टारवाल्याला फर्स्ट इयर, आणि गॅप इयरवालीला सेकंड? मी उद्याच फोन करतो. एखाद्याने सीट कन्फर्म केली नसेलच. ती अंशुमनला द्या म्हणतो. पोराचं एक वर्ष वाचेल.”

असं होत नसतं, हे सांगायला नंदूकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सत्काराला आलेला माणूस नियम सांगू लागला तर चमत्कारिक दिसतं. त्याऐवजी त्यांनी अंशुमनला मायेने विचारलं, “इतिहास का रे घेतलास? काय काय वाचलंस?”

“वाचत नाही काका, समरी बघतो,” अंशुमन फोनमधून मान न काढता म्हणाला. “पुस्तकात खूप एक्स्ट्रा असतं.”

नंदूकाकांनी अर्धा कप चहा तसाच टेबलावर ठेवला.

“नंदूआजोबा,” दिया कानाशी कुजबुजली, “तुमचा रिप्लाय गेला ना?”

नंदूकाका समोशांची बशी न्याहाळू लागले.

“ओ माय गॉड. नाही गेला? माझा बसमध्ये दोन मिनिटात झाला! आता हा अंशुमन बसणार माझ्या बाजूला? तो नाक ओढतो. ऑल द टाइम.”

“बसू दे की,” लीलावतीबाई नारळ पिशवीत टाकत म्हणाल्या. “एका तरुणाला जागा मिळेल. यांना तेच तर हवंय. पानंच्या पानं लिहिलीयेत.”

“जागा माझी आहे,” नंदूकाका म्हणाले.

ते इतक्या जोरात आलं, की कोण बोललं हे बघायला त्यांनी स्वतःच मागे वळून पाहिलं. यतीनरावांचा समोसा तोंडापाशी थांबला.

“कन्फर्म केली आहे का काका?” त्यांनी विचारलं.

“करतोय.”

घरी आल्यावर कोट न काढताच ते टेबलाशी बसले. स्वच्छ कागद घेतला, हो लिहिलं, सही केली. उशिराबद्दल एका ओळीत माफी मागितली. समरी बघणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल एक परिच्छेद लिहायची फार इच्छा झाली. ती त्यांनी कष्टाने आवरली.

“ईमेल करा की,” लीलावतीबाई म्हणाल्या.

“त्यांचं पत्र टपालाने आलं होतं.”

कोपऱ्यावरच्या लाल पेटीवर लिहिलं होतं की रविवारी टपाल उचलत नाहीत. म्हणजे सकाळपर्यंत विचार करायला हरकत नव्हती. आपण त्या पोरांत कसे दिसू, पहिल्याच निबंधात नापास झालो तर मंडळ काय म्हणेल, आणि नारळ परत मागतील का, हे सगळं पाकीट फटीत धरूनच त्यांनी मनात फिरवून पाहिलं.

“अहो, टाका!” रस्त्यापलीकडून, दारातून आवाज आला. पालक उभ्या होत्या.

त्यांनी पाकीट सोडलं.