सिराबाच्या गिटारीवरचा पत्रा

मी पत्रा बोलतोय. छपरावरचा नव्हे, तळहाताएवढा, कडेनं तारेच्या कड्या ओवलेला. वाद्याची तार छेडली की माझ्या कड्या थरथरतात आणि सुराला करकर येते. या करकरीला जे बिघाड म्हणतात, त्यांच्याशी माझं जन्मभर भांडण आहे.

डकारच्या दक्षिणेकडच्या झिगेंशोर गावातल्या लोहारानं मला दुधाच्या पावडरीच्या डब्यातून कापलं आणि लालो सिसोखोच्या वाद्यावर बसवलं. कोरा म्हणतात त्याला, एकवीस तारांचा. सिसोखो म्हणजे भाटांचं घराणं. पुरुषांनी वाजवायचं, बायकांनी गायचं.

लालो गेला आणि कोरा त्याच्या मुलाकडे, मलांगकडे आला. मलांग हॉटेलात वाजवायचा. लाउडस्पीकरमधून मी कर्कश वाटतो म्हणून त्यानं मला उपटून अंगणात भिरकावलं. कोंबड्यांनी चोची मारून पाहिल्या. मग त्याच्या पुतणीनं, सिराबानं, मला उचललं, झग्याला पुसलं आणि आपल्या जुन्या गिटारीच्या घोडीजवळ बांधलं.

"बायकांनी गायचं असतं," मलांग म्हणाला.

"गातेच आहे काका. फक्त तोंडानं नाही."

"मग लग्नाकार्याला कोण बोलावील तुला?"

"नाही बोलावलं तर जेवायला घरी येईन."

खरंच कुणी बोलावलं नाही. ती डकारला जॅझवाल्यांत शिरली. आयत्या वेळी सुराची वाट काढणं तिच्या रक्तातच होतं. जड गेले ते नवे स्वरमेळ. बोटं सोलेपर्यंत ती ते घोटायची. पुढे पॅरिसला गेली. तिथला एक रेकॉर्डवाला म्हणाला, "हा पत्रा काढा. आणि थोडं गा. तुमच्याकडच्या बायका छान गातात." सिराबानं गिटार खोक्यात ठेवली आणि निघून आली. रेकॉर्ड कित्येक वर्षं लांबली. शेवटी एका छोट्या कंपनीनं काढली, माझ्यासकट.

मग झिगेंशोरला, नदीकाठच्या मैदानात, तिचा कार्यक्रम ठरला. सगळं गाव लोटलं. आवाज सांभाळणाऱ्यानं तिला न विचारताच मला चिकटपट्टीखाली दाबलं. वर म्हणाला, "ताई, दोन गाणी म्हणा. लोक त्यासाठीच आलेत."

पहिलाच सूर मुका निघाला. सिराबानं खाली पाहिलं. पट्टी ओढून काढली आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या तोंडावर चिकटवली.

मग ती वाजवू लागली, आणि मी लालोच्या हाताखालीसुद्धा कधी करकरलो नव्हतो, तसा करकरलो. गाणं ऐकायला आलेल्या बायांनीच टाळ्यांचा ताल धरला.

नंतर मलांग मागच्या बाजूला आला. तिच्या ओठांभोवती पट्टीचा लाल वळ होता. तो माझ्याकडेच बघत राहिला.

"कडी सैल झालीय. आण, आवळून देतो."

"राहू दे काका. सैल आहे म्हणून बोलतेय."

"बांधलंयस मात्र वाकडं," तो म्हणाला, आणि खाली बसून त्यानं मला सरळ बांधून दिलं.

आता मी गंजलोय, एक कोपरा तुटलाय. एका संग्रहालयाला मी काचेच्या पेटीत हवा आहे. "तिथं त्याला वाजवणार कोण?" सिराबानं विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही. आलं तरी मी जाणार नाही.

तुमच्या गावात एखादं वाद्य असं करकरलं, तर आधी वाजवणारीला विचारा. पट्टी घेऊन धावू नका. निदान माझ्याकडे तरी नाही.