न बुडालेला बगळ्या

मामाने भाषांतर केलेल्या समुद्रकथांची नवी आवृत्ती निघायची ठरली, तेव्हा मुद्रितं तपासायचं काम प्रकाशकाने भाचीच्या गळ्यात घातलं. ती त्याच्याकडे मुद्रितशोधक होतीच. शिवाय घरचं माणूस, म्हणजे मामाचे हट्ट परस्पर निस्तरेल. सात भागांची मालिका: जुन्या काळातलं लढाऊ जहाज, चिडका कप्तान आणि वादळांवर वादळं. लहानपणी तिने ही पुस्तकं पानं सुटेपर्यंत वाचली होती. आता मूळ पुस्तक एका हाताला, मामाचं दुसऱ्या हाताला ठेवून ती ओळीला ओळ लावायला बसली आणि तिचं डोकंच उठलं.

मुळात वारा पूर्वेकडून आला, की मामाच्या पानावर तो पश्चिमेकडून यायचा. दोन शिडांची तीन व्हायची. कप्तान जिथे गप्प, तिथे मामाने त्याच्या तोंडी खुशाल म्हण घातलेली. तिने फोन लावला.

"अरे मामा, असा वारा असेल तर आपलं आणि शत्रूचं जहाज एकमेकांच्या पोटातून जातील!"

"जाऊ देत की. आजवर एका वाचकाने तक्रार केली नाही."

"त्यांच्यासमोर मूळ पुस्तक नव्हतं."

"मग तुझ्यासमोर कशाला हवं?" म्हणून मामाने फोन ठेवला.

दातओठ खात तिने वारे फिरवले, जादा शिडं उतरवली. पण दुसऱ्या भागाच्या शेवटी तिचा हात थबकला. बगळ्या हा डोलकाठीवरचा टेहळ्या. हडकुळा, तिरकस बोलणारा, अख्ख्या जहाजाला हसवणारा. तिचा सगळ्यांत लाडका. वादळात तो समुद्रात पडतो, खलाशी दोर टाकतात आणि त्याला वर ओढून घेतात. हे मामाच्या पुस्तकात. मुळात दोर पोचतच नाही. बगळ्या बुडतो आणि जहाज पुढे निघून जातं.

तिने तिसरा भाग उघडला, चौथा उघडला. मुळात बगळ्याचा मागमूस नाही. जिथे 'एक खलाशी म्हणाला' असं होतं, तिथे मामाने बगळ्याला बोलतं केलं होतं; जिथे तेही नव्हतं, तिथे पदरचं घातलं होतं. शेवटच्या भागात तर हा गडी कप्तानाच्या लग्नात नाचला होता! खरं तर हसू यायला हवं होतं. आलं रडू, तेही संतापाचं. जन्मभर जीव लावला तो माणूस खोटा, आणि त्याला पाच पुस्तकांतून वेचून काढायचं ते तिनेच.

"मूळ लेखकाच्या वारसांची अट आहे," प्रकाशक म्हणाला, "पदरचं एक वाक्य नको. दुरुस्त्यांवर मामांची सही आणा."

ती तडक मामाच्या घरी गेली. मामी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बगळ्याला का वाचवलंस?" तिने दारातूनच विचारलं.

मामाने हातातला पेपर खाली ठेवला. "तो गेला असता तर पुढचे भाग मी कुणाच्या जिवावर करायचे? कप्तान हा असा, सदा एरंडेल प्यायल्यासारखा. नोकरी सांभाळून पहाटे उठायचो, ते आज बगळ्या काय बोलतो बघू, म्हणून."

"तो काहीच बोलत नव्हता! तू बोलत होतास."

"तेच तर."

"अगं बाई, म्हणजे तो मेलाय?" मामीच्या हातातली घडी सुटली. "आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"मी सही करणार नाही," मामा म्हणाला.

"नको करूस. मग मालिकाच निघणार नाही. बगळ्याही नाही, कप्तानही नाही, आणि तुझं नावही नाही!" तिचा आवाज चढला. "मला काय हौस आलीय त्याला मारायची?"

मामाने चष्मा लावला. "तुझ्या हातून तो धड मरायचाही नाही. घे लिहून, मी सांगतो."

तो सांगायला लागला. आभाळ फाटलं, लाट डोंगराएवढी झाली, कप्तानाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामा, कप्तान रडत नाही."

"बरं, खोड. लाट तरी डोंगराएवढी आहे ना?"

"नुसती लाट आहे."

खोडता खोडता तीन ओळी उरल्या. मुळातही तेवढ्याच होत्या. मामाने त्या वाचल्या, सही केली आणि उठून आतल्या खोलीत गेला. मामीने चहाचं विचारलं, पण तिला थांबवेना.

कचेरीत येऊन तिने तिसरा भाग पुढ्यात ओढला. पहिल्याच पानावर बगळ्या कप्तानाच्या चालीची नक्कल करत बोलत होता. वाक्य मुळातलंच होतं. तिने फक्त नाव खोडलं, वर 'एक खलाशी' असं लिहिलं आणि पुन्हा वाचून पाहिलं. एक अक्षरही चुकलेलं नव्हतं. हसू मात्र येत नव्हतं. चडफडत तिने पान उलटलं. त्याच्यावर तो दोनदा होता.