खोगीराखालची काळी खडी

मित्रांनो, ज्याच्या पोटात आग आहे अशा डोंगराच्या अंगाखांद्यावर सारा जन्म काढलेली मी एक म्हातारी घोडी आहे. माझा रंग राखेसारखा, म्हणून माझं नाव चिन्नीरा. आमच्या सिसिलीच्या बोलीत चिन्नीरा म्हणजे राखच. वय चोवीस. पुढचे दात झिजले आहेत आणि चंदी भिजवून दिल्याशिवाय आता चावत नाही. पण आठवण शाबूत आहे. जे सांगायला बसले आहे ते सांगताना अजूनही माझे कान आपोआप मागे पडतात.

माझा जन्म एटनाच्या पूर्व उतारावर, चिरीनो नावाच्या द्राक्षमळेवाल्याच्या पागेत झाला. आमच्याकडे एटनाला कोणी एटना म्हणत नाही. नुसतं 'ती' म्हणतात. 'ती आज गुरगुरतेय', 'तिने काल शेजारच्या गावावर राख टाकली', असं. मी आईच्या पोटातून बाहेर पडले तेव्हा चिरीनोची मुलगी वेनेरा पंधरा वर्षांची होती. तिने मला वाळल्या गवताने पुसलं आणि माझ्या ओल्या नाकावर आपलं कपाळ टेकलं. मी शिंगरू असताना ती शाळेतून आली की दप्तर फेकून आधी माझ्याकडे यायची. मला ती माणूस आहे आणि मी घोडी आहे हे कळायला बराच वेळ लागला.

चौथ्या वर्षी माझ्या पाठीवर खोगीर आलं. काम सोपं नव्हतं, पण मला आवडायचं. लांबलांबून पाहुणे यायचे. वेनेरा पुढे, मागे आम्ही पाच-सहा घोडे, पाठीवर पाहुणे. चेस्टनटच्या रानातून, थिजलेल्या काळ्या लाव्ह्यावरून, एका विझलेल्या मुखापर्यंत चढायचं आणि दोन तासांनी परत मळ्यात उतरायचं. तिथे जुन्या दगडी द्राक्षघाण्यासमोर चिरीनो टेबल मांडून वाट पाहत असे. पाव, जैतुनाची फळं, मेंढीच्या दुधाचं चीज आणि तीन वाइन. पांढरी, गुलाबी, लाल. प्रत्येक बाटली उघडताना तो तीच गोष्ट नव्याने सांगायचा आणि पाहुणे तितक्याच नव्याने हसायचे.

माझं कौतुक फार होतं. मी कधी बुजले नाही. 'ती' गुरगुरली, दगड गडगडले, पायात साप आला, तरी मी उभी. चिरीनो म्हणायचा, "ही घोडी नाही हो, आरामखुर्ची आहे. हिच्यावर आजीला बसवा, नातवाला बसवा, पेल्यातला थेंब सांडणार नाही!" आणि ते तो करून दाखवायचा. फेरी संपली की माझ्यावरच्या पाहुण्याला खाली उतरू न देता त्याच्या हातात लाल वाइनचा काठोकाठ भरलेला पेला द्यायचा. मी घाण्याभोवती एक चक्कर मारायची. थेंब सांडत नसे. टाळ्या वाजायच्या, फोटो निघायचे. सतरा वर्षांत ती चक्कर मी किती वेळा मारली असेल!

मग तीन वर्षांपूर्वीचा तो सप्टेंबर आला. चिरीनोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तो काठी टेकत जेमतेम टेबलापर्यंत यायचा. बाकी सगळं वेनेराच्या अंगावर पडलं. पाहुणे मात्र पूर्वीपेक्षा वाढले होते. दिवसाला एक फेरी होती तिच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. वेनेराचा एक हात आमच्या लगामावर आणि दुसऱ्या हातातला फोन कानाला. मित्रांनो, पूर्वी खोगीर चढवण्याआधी अर्धा तास खरारा व्हायचा. मान, पाठ, पोट, पाय. मग नुसतं फडक्याने झटकणं आलं. मग तेही राहिलं. मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. ती दमलेली दिसत होती.

त्याच आठवड्यात 'तिने' तोंड उघडलं. भर दुपारी आभाळ काळवंडलं आणि कौलांवर तडतड सुरू झाली. ज्वारीच्या दाण्याएवढी काळी खडी पडत होती. लोक छत्र्या घेऊन फिरत होते, झाडू घेऊन गच्च्या लोटत होते. ती खडी आमच्या आयाळीत गेली, कानांत गेली, केसांच्या मुळांशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी वेनेरा धावत आली, फोनवर कुणाला तरी "हो, हो, नऊ वाजता, नक्की" म्हणाली, माझ्या पाठीवर घोंगडी टाकली, खोगीर ठेवलं आणि पोटाखालचा पट्टा, तंग, आवळला.

पाठीत सुया टोचल्यासारखं झालं. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती पुढच्या घोड्याकडे गेली होती.

त्या दिवशी तीन फेऱ्या झाल्या. संध्याकाळी खोगीर उतरवतानाही तिच्या कानाला फोन होता. पाठीकडे तिने पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. कातडी सोलली होती आणि त्याच जागी तीच खडीची घोंगडी आवळली गेली.

दुपारच्या फेरीला माझ्यावर ओर्नेल्ला नावाच्या बाई बसल्या. तोरिनो शहरातल्या शिक्षिका, नुकत्याच निवृत्त झालेल्या. जन्मात पहिल्यांदा घोड्यावर बसत होत्या. चढण्याआधी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई गं, मला तुझी भीती वाटते. तुला माझी वाटत असेल तर आपण सारख्याच." मला त्या आवडल्या.

चढावर त्या वेनेराला म्हणाल्या, "अहो, ऐकता का? ही कण्हतेय. मी जरा हलले की कण्हते."

वेनेरा मागे न वळता हसली. "म्हातारी झालीय. नखरे आहेत तिचे. तुम्ही निवांत बसा."

नखरे! हा शब्द मी वेनेराच्या तोंडून ऐकला. जिने मला जन्मतः पुसलं होतं तिच्या तोंडून. पाठीपेक्षा ते जास्त लागलं. तरी मी चालत राहिले, कारण चालणं मला येत होतं.

उतरून आम्ही घाण्यापाशी आलो. टेबल मांडलेलं होतं. चिरीनो काठी टेकत पुढे आला, भरलेला पेला ओर्नेल्लाबाईंच्या हातात दिला आणि ओरडला, "बाई, पेला उंच धरा! आणि जरा मागे रेला, फोटो छान येतो!"

बाई हसत मागे रेलल्या. त्यांचं सगळं वजन नेमकं त्या जागेवर आलं.

पुढचं मी केलं, असं म्हणवत नाही. माझ्या अंगाने केलं. माझे मागचे पाय हवेत गेले, टेबल उलटलं, बाटल्या फुटल्या आणि बाई काळ्या मातीत पडल्या. त्यांचा पांढरा शर्ट लालभडक झाला. कोणीतरी किंकाळी फोडली, "रक्त! रक्त!" ती वाइन होती, पण ते कळायला क्षण गेला, आणि तो क्षण मी अजून विसरले नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. सतरा वर्षं माझ्याकडे कौतुकाने बघणारे डोळे असे कधी पाहिले नव्हते. ती लाथ माझी होती यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

बाईंचं मनगट मोडलं होतं. वेनेरा त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली. जाताना तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. चिरीनोने मला लगामाला धरून पागेमागे नेलं आणि खुंट्याला बांधलं. त्याच्या गुडघ्यामुळे त्याला खोगीर उचलवेना, आणि त्या रागात त्याने दुसऱ्या कोणाला बोलावलंही नाही.

"राहा तशीच उभी, सटवे," तो म्हणाला. "सतरा वर्षांचं नाव एका मिनिटात मातीत घातलंस माझं."

मी तशीच राहिले. सकाळ झाली तेव्हा फाटकाशी एक लॉरी थांबली.

त्या लॉरीचा वास वाऱ्यावर आला आणि मी खुंट्याला हिसका दिला. आमच्यात पूर्वी मोरो नावाचा काळा घोडा होता. त्याचा पाय अधू झाल्यावर तो 'खाली सपाटीवर विश्रांतीला गेला' असं चिरीनो पाहुण्यांना सांगायचा. मीही ते खरं मानलं होतं. लॉरीच्या फळ्यांना घोड्यांच्या भीतीचा घाम चिकटला होता. आत चारा नव्हता, तोबरा नव्हता. खाली कातानिया शहरात घोड्याचं मांस भाजून विकतात, हे पागेत माझ्या कानावर आलं होतं. ते आमच्याविषयी बोलतात, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

लॉरीतून प्लाचिदो उतरला. जाडजूड, पांढऱ्या मिशांचा. मांसासाठी घोडे घेणारा व्यापारी. चिरीनो त्याला म्हणाला, "घेऊन जा. माणसाला फेकलं हिने. आता हिच्यावर कोण बसणार?"

तेवढ्यात वेनेरा रस्त्यावरून धावत आली. कालचेच कपडे अंगावर. "बाबा! हे काय चालवलंय? मला न विचारता?"

"तुला काय विचारायचं? उद्या दुसऱ्या कुणाची मान मोडली तर?"

"ती तशी नाही! तिने आयुष्यात कुणाला इजा केली नाही. तिला काहीतरी दिसलं असेल, साप असेल, काहीही असेल…"

"साप दिसला म्हणून कोणी मागचे पाय उडवतं होय?"

दोघं भांडत असताना प्लाचिदो माझ्याभोवती फिरला. त्याने माझ्या तोंडात बोट घालून दात पाहिले. मग त्याचा हात खोगीराशी थांबला.

"चिरीनो, मी घोडी घ्यायला आलोय की खोगीर?" तो म्हणाला. "हे कालपासून पाठीवर आहे?"

त्याने तंग सोडला, खोगीर उचललं. घोंगडी निघेना. ती माझ्या पाठीला चिकटली होती. मी ओरडले.

"कोमट पाणी आण," तो वेनेराला म्हणाला. "उभी काय राहिलीस? पळ!"

मित्रांनो, त्या माणसाने, ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती, पाणी ओतून ओतून ती घोंगडी सोडवली. बोटभरसुद्धा ओढली नाही. घोंगडी निघाली तशी वेनेराने दोन्ही हात तोंडावर दाबले. पाठीच्या मधोमध मांस उघडं पडलं होतं, आणि त्यात काळी खडी रुतली होती. प्लाचिदोने दोन बोटांनी थोडी काढली आणि तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरली.

"खोगीर कोण चढवतं?"

"मी," वेनेरा म्हणाली. "मीच."

"पोरी, मी चाळीस वर्षं घोडे मारतोय. मला कोणी चांगला माणूस म्हणत नाही, मीही म्हणवून घेत नाही. पण असं कुणा जनावराला दिवसचे दिवस चालवलेलं नाही मी. हिने काल लाथ मारली ना? परवाच मारायला हवी होती."

चिरीनो काठीवर वाकून माझ्या पाठीकडे बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

प्लाचिदोने हात धुतले. "आता नीट ऐका. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या की औषध टोचतील. ते टोचलं की हिच्या कागदावर नोंद होते, हिचं मांस विकायला बंदी येते, आणि मग ही मला कधीच चालणार नाही. आज नाही, दहा वर्षांनीही नाही. काम तर ही करणार नाही, मरेपर्यंत नुसतं खायला घालावं लागेल. विकायची तर आत्ता विका. ठरवा." आणि तो लॉरीच्या पायरीवर जाऊन बसला.

चिरीनो पुटपुटला, "वेनेरा, थांब, जरा विचार कर…"

वेनेराने विचार केला नाही. तिने फोन काढला. जो फोन दिवसभर कानाला लागलेला मी पाहत होते तोच. पण या वेळी ती माझ्याकडे बघत बोलत होती. "डॉक्टरीणबाई, लगेच या. घोडीची पाठ… नाही, अपघात नाही. मी केलंय."

डॉक्टरीणबाई येईपर्यंत प्लाचिदो थांबला. सुई टोचली गेली, कागदावर लिहिलं गेलं, शिक्का बसला. मग तो उठला. "तुझी वाइन बरी आहे, चिरीनो. डोळे तेवढे तपासून घे," असं म्हणून रिकामी लॉरी घेऊन उतार उतरून गेला. मी त्याला वाईट म्हणावं की चांगलं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

जखम भरायला अकरा आठवडे लागले. वेनेराने तिसरी फेरी बंद केली, मग दुसरीही. ओर्नेल्लाबाईंना तिने सगळं खरं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर तिने मला वाचून दाखवलं. 'मनगट जुळेल,' त्यांनी लिहिलं होतं, 'पण मी सांगत होते आणि तुम्ही हसलात, ते मला जास्त दुखलं.' वाचताना ती दोनदा थांबली.

आता मी पाहुण्यांना नेत नाही. घाण्याच्या सावलीत उभी असते. फेरी निघण्याआधी प्रत्येक पाहुण्याला वेनेरा खरारा हातात देते आणि म्हणते, "आधी तुमच्या घोड्याची पाठ तुम्ही बघायची. उघड्या तळव्याने, मानेपासून शेपटीपर्यंत. काही टोचलं तर मला सांगा. मी हसणार नाही." काही पाहुणे कंटाळतात. तिला त्याचं काही वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी ना कोणी तुमचं ओझं वाहत असेल. जनावर असेल, माणूस असेल. ते कण्हलं तर त्याला नखरे म्हणू नका. पाठीवर बसण्याआधी त्या पाठीवरून एकदा हात फिरवा. त्याला किती वेळ लागतो?

रोज सकाळी वेनेरा येते आणि माझ्या पाठीवर हात ठेवते. हात तिचाच आहे, मला ओळखू येतो. तरी तो टेकला की माझी कातडी थरथरते. तिला ते कळतं. ती हात काढून घेत नाही, आणि मीही बाजूला सरकत नाही.