न दिलेली ओळख

डोंगरातल्या नारीन गावच्या सार्वजनिक वाचनालयात सैकालने उमेदीची सारी वर्षं घालवली. पण तिच्या कामाला गावाने कधी काम म्हटलं नाही. "धूळ झटकायला शिक्षण कशाला लागतं गं?" असं तिची सख्खी जाऊसुद्धा म्हणे. सैकाल हसण्यावारी नेई.

लेकीचं, बेगायचं, लग्न जमत आलं तेव्हा मात्र ते बोलणं घरात शिरलं.

"अपा, तू शाळेत शिकवतेस असं सांगितलंय मी त्यांना," बेगाय खाली बघत आईला म्हणाली.

"आणि वाचनालयाला काय झालं?"

"लोकांना वाटतं, कुठेच काही जमलं नाही म्हणून तिथं बसलीस. एवढं लग्न पार पडू दे, अपा."

सैकालने चहा ओतला. परगावच्या विहीणबाईंनी येऊन सोयरीक पक्की झाल्याचे डूल बेगायच्या कानांत घातले, तेव्हाही तिने शाळेची ती थाप खोडली नाही.

लग्नाच्या खरेदीला दोघी विहिणी बाजारात गेल्या. वाळक्या जर्दाळूंचा भाव करणं चाललं होतं, तोच मागून हाक आली.

"सैकाल, पोरी!"

म्हातारा ओरोझबाय होता. जन्मभर मेंढ्या राखलेला माणूस. बायको गेल्यापासून रोज वाचनालयातल्या शेगडीपाशी येऊन बसायचा. आधी उबेसाठी, मग पुस्तकांसाठी.

"ते घोड्यांचं पुस्तक संपवलं बघ! आता दुसरं काढून ठेव."

विहीणबाईंनी भुवया उंचावल्या. "कसलं पुस्तक?"

सैकाल म्हाताऱ्याकडे वळली. "बाबा, तुमची चूक होतेय. ती मी नव्हे."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग विहिणीच्या उंची शालीकडे. "म्हातारे डोळे," तो हळूच म्हणाला, "माफ करा हं," आणि गर्दीत शिरला.

लग्न थाटात झालं. बाजारातल्या त्या दिवसापासून ओरोझबाय वाचनालयात फिरकला नाही. शेवटी एक पुस्तक घेऊन सैकालच त्याच्या घरी गेली. त्याने तिला मानाच्या जागी बसवलं, नान मोडून पुढे केला, लेकीची खुशाली विचारली.

"बाबा, त्या दिवशी मी..."

"चहा निवतोय, पोरी."

"याल ना परत?"

"येईन की. थंडी सरू दे."

पुस्तक त्याने उघडलंही नाही. निघताना तिने ते पिशवीत घातलं, त्याने अडवलं नाही.

थंडी सरली, नदीवरचा बर्फ फुटला. म्हातारा आला नाही. संध्याकाळी वाचनालयाला कुलूप घालून सैकाल घराकडे निघे. वाटेत कुणी विचारलंच, "कुठून गं?" तर वाचनालयाचं नाव न घेता "कामावरून" एवढंच म्हणे आणि पुढे होई.