फुलदाणीखालचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शाळेच्या कार्यालयात कपाटाशेजारी पडून असतो. माझ्या डोक्यावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी आहे. त्या फुलांवरची धूळ रोज पुसतात, माझ्यावरची नाही. मला या सगळ्याची किळस येते आणि ती मी लपवणार नाही.

माझाही एक काळ होता. एका दवाखान्याने मला भंगारात काढले, तेव्हा संगणकाच्या बाईंनी मला उचलून आणले. त्यांनी माझ्यात एक मुक्त प्रणाली बसवली. मुक्त म्हणजे तिच्या आतले सगळे उघडे. कुणीही घ्यावी, हवी तशी दुरुस्त करावी. तिच्यावर बाईंनी शाळेचे ऑनलाइन वर्ग उभे केले. आजारी मुले अंथरुणात पडल्या पडल्या धडे ऐकत. मी गोगलगाईसारखा चालायचो, माझा पंखा घरघर करायचा, पण मी दगा कधी दिला नाही. बाई माझे कौतुक करत.

सगळ्यांत जास्त धडे भूमितीच्या सरांचे होते. त्यांच्या घशाचे ऑपरेशन ठरले होते आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. म्हणून शाळा सुटली की ते माझ्यासमोर बसत आणि एकेक प्रमेय सावकाश समजावून सांगत.

"मी गप्प झालो तरी माझा वर्ग बोलत राहील," ते बाईंना म्हणाले होते.

मग कंपनीचा माणूस आला. गुळगुळीत बूट, त्याहून गुळगुळीत बोलणे. त्यांची प्रणाली शाळेला फुकट मिळणार होती. मुख्याध्यापक लगेच पाघळले. उद्या आपले धडे परत हवे झाले तर मिळतील का, असे बाईंनी विचारले. तो माणूस नुसता हसला. मग मुख्याध्यापकही हसले.

सगळे धडे तिकडे गेले. बाईंनी एक प्रत ठेवायला डिस्क मागितली, तर कंपनी सांभाळते की, असे उत्तर मिळाले. शिक्षक मात्र सवयीने माझ्याकडेच वळत. तेव्हा बाई रजेवर असताना मुख्याध्यापकांनी कारकुनाला बोलावले.

"जुन्यातलं सगळं पुसून टाका," ते म्हणाले. "परतीची वाटच नको."

कारकुनाने चहा पीत पीत मला पुसले. तो ओशट हात मला अजून आठवतो.

पुढे कंपनीने शाळांचे काम गुंडाळले. एका सकाळी पडद्यावर एवढेच आले, की ही सेवा बंद झाली आहे. मुख्याध्यापकांनी फोनवर फोन केले, पण पलीकडे नुसते संगीत वाजत राहिले.

ऑपरेशन झालेले भूमितीचे सर गळ्याला रुमाल गुंडाळून आले आणि माझ्यासमोर बसले. बाईंनी फुलदाणी खाली ठेवली, मला सुरू केले आणि माझा कानाकोपरा धुंडाळला. कारकुनाच्या हातून एकच तुकडा निसटला होता. धड्याआधी सरांनी माइक तपासला होता, तेवढाच.

"मागच्या बाकावर ऐकू येतंय का?" सरांचा आवाज कार्यालयात घुमला.

खुर्चीतल्या सरांनी मान हलवली.

"चला, काहीतरी तरी सापडलं," असे म्हणून मुख्याध्यापकांनी फुलदाणी उचलली आणि परत माझ्या डोक्यावर ठेवली.

मित्रांनो, तुमचे शिकवणे, तुमचे शिकणे दुसऱ्याच्या कपाटात ठेवण्याआधी किल्ली कुणाकडे राहणार ते विचारा. आणि असे विचारणारी एखादी बाई भेटली, तर तिला हसू नका.