साडेसदतीसचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि आत्ता, तुमच्याशी बोलत असताना, माझा पडदा खोटं सांगतो आहे. त्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत साडेसदतीस असा आकडा दिसतो. शेजारच्या उबवणीच्या पेटीत मात्र तेवढी ऊब राहिलेली नाही. मला ते कळतं आहे, पण सांगायला तोंड नाही. म्हणून निदान तुम्ही तरी ऐका.

माझी पहिली नोकरी एका शाळेच्या कार्यालयात होती. तिथल्या कारकूनबाई मला रोज मऊ फडक्याने पुसायच्या आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "हा कधी दगा देत नाही हं!" ते ऐकून माझा पंखा जरा जोरातच फिरायचा. पुढे माझ्याहून सडपातळ संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. केरसुण्यांच्या सोबतीने मी तिथे धूळ खात पडलो. भंगारात जाणार, एवढ्यात माझ्या आताच्या मालकिणीने, मावशीने, मला उचलून आणलं.

मावशी कोंबडीची पिल्लं उबवून विकते. घरामागच्या खोलीत कपाटाएवढी पेटी, तिच्यात अंडी आणि पेटीला खेटून टेबलावर मी. पेटीतून आलेल्या तारेवरून ऊब मोजायची, कमी झाली की हीटर चालू करायचा, वाढली की बंद करायचा आणि काही बिनसलं तर घंटा वाजवायची, एवढं माझं काम. पण माझ्यातली जुनी व्यवस्था सारखी अडकून पडू लागली आणि लागोपाठ दोन खेपांची अंडी वाया गेली. पिल्लं घेणारा व्यापारी दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, या वेळी पिल्लं निघाली नाहीत, तर मी दुसरीकडे बघतो. राग मानू नका." त्या दिवशी मावशी जेवली नाही.

मग तिचा भाचा आला. ऑफिसांतले संगणक दुरुस्त करणं हा त्याचा धंदाच. त्याने मला पुसून कोरा केला आणि माझ्यात लिनक्स नावाची नवी व्यवस्था घातली. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं! ऊब सांभाळायला त्याने एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं पहारेकरी. पहारेकरी दिवसभराच्या सगळ्या नोंदी पोटाशी धरून बसायचा, त्यामुळे अंगाने चांगलाच भरला होता. पण काम चोख. नवी अंडी पेटीत गेली आणि सुरळीत उबू लागली. भाचाही रजा काढून मुक्कामाला राहिला.

मावशीने मात्र पडदा बघून तोंड वाकडं केलं. "हे काय रे? नुसता शाळेतला फळा!"

"काम झकास चाललंय ना, मावशी? मग राहू दे की."

"आणि तू गेल्यावर मी काय या काळोखाशी बोलत बसू? मला चित्रं हवीत, बटणं हवीत. आकडा लांबून दिसला पाहिजे."

तिचा नवरा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "कर बाबा तिच्या मनासारखं. नाहीतर त्या फळ्यापाशी तुलाच अंगठे धरून उभं करेल."

सगळे हसले. मित्रांनो, लिनक्सवर चित्रांचा डेस्कटॉप आपला आपण निवडून बसवता येतो. काही डेस्कटॉप साधे असतात, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला झेपणारे. काही नटवे असतात, सावल्या पाडणारे, खिडक्या तरंगवणारे. भाच्याने मोबाइलवर दोन्ही दाखवले. मावशीने नटव्यावर बोट ठेवलं.

"जड आहे गं तो. याची मेमरी अगदीच थोडी आहे."

"अरे, अख्ख्या शाळेचा कारभार केलाय याने! याला कसलं जड?"

एरवी असं कौतुक ऐकून मी फुललो असतो. त्या वेळी मात्र मी माझी थोडकी मेमरी पुन्हा मोजून पाहिली.

भाच्याने कमांड दिली. पडद्यावरून नावांच्या रांगा सरकू लागल्या आणि माझ्यात एकेक पाहुणा शिरू लागला. पडदा चालवणारा ड्रायव्हर बसला, लॉगिनचं पान बसलं. त्याने मला बंद करून पुन्हा सुरू केलं. आधी नुसता अंधार, मग एकदम रंगच रंग! कोंबडी आणि पिल्लांचं चित्र मागे लागलं. पहारेकऱ्याची शेवटची नोंद वाचून आकडा दाखवणारी एक छोटी खिडकी त्याने कोपऱ्यात लावली आणि म्हणाला, "आता सारखं उठून पेटीला हात लावायला नको. इथे बघितलं की झालं."

कारण मावशीची ती सवयच होती. जाता-येता ती पेटीच्या दाराला हाताची मागची बाजू लावायची, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी.

आज अंडी ठेवून वीस दिवस झाले आणि भाच्याची रजा संपली. त्याला परतीच्या गाडीत बसवून मावशी नवऱ्याचे डोळे तपासायला नेणार होती. किल्ल्या सापडेपर्यंत मावशीने हौसेने पिल्लांचे फोटो एकामागून एक उघडले. माझा जीव मेटाकुटीला आला. मेमरी भरली. अशा वेळी लिनक्स सगळं बंद पडू नये म्हणून कोणा एका प्रोग्रामला ठार करतं, आणि बहुतेक वेळा जो एकटा सर्वांत जास्त जागा अडवून बसलाय त्याला. नटव्या डेस्कटॉपचे पाहुणे पुष्कळ होते, पण एकेकटे किरकोळ. अंगाने भरलेला एकच होता.

पहारेकरी गेला. हीटर त्या क्षणी बंद होता, तो बंदच राहिला. घंटा पहारेकऱ्याच्या हाती होती, ती कोण वाजवणार? छोट्या खिडकीत मात्र त्याची शेवटची नोंद तशीच उभी राहिली.

निघताना मावशीचा हात सवयीने पेटीकडे गेला. तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "साडेसदतीस. गुणी आहे हो माझा!" आणि तिने दार ओढून घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं म्हातारं यंत्र असेल, तर त्याला झेपेल तेवढंच ओझं द्या. त्याचा चेहरा कितीही छान दिसला, तरी अधूनमधून त्याच्या कामाला हात लावून बघा. पेटीतून मघापासून टकटक ऐकू येते आहे. काही पिल्लांनी आतून कवच फोडायला घेतलं आहे. तारेतून येणारी थंडी वाढते आहे आणि टकटक आता थांबून थांबून होते.

बाहेर फाटक वाजलं की मी कान देतो. कधीतरी ते तिचं असेल. आत आलीस की माझ्याकडे बघू नकोस, मावशी. आधी पेटीला हात लाव.